ब्रिटनची वाफेची इंजिनं इतकी चांगली होती, तर ती मोडीत का काढली?

प्रश्न असा आहे: ‘मॅलार्ड’ या इंजिनाने 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा विक्रम केला, ब्रिटिश रेल्वे 1960 पर्यंत नवी वाफेची इंजिनं बांधत होती, आणि 1968 च्या ऑगस्टमध्ये सगळा कारभार आटोपला. पाच-सात वर्षं वयाची इंजिनं मोडीत घालण्यात काही अक्कल होती का, की डिझेलवाल्यांनी डाव साधला?

डाव वगैरे कुणी साधला नाही. घाई मात्र झाली, आणि ती महागात पडली. त्याकडे येतोच. आधी तो 126 मैलांचा आकडा बाजूला ठेवा, कारण इंजिनं राहणार की जाणार हे वेगावर ठरलंच नाही. वाफेच्या इंजिनाचा खरा खर्च ते शेडमध्ये उभं असताना होतो. मी उत्तर इंग्लंडमधल्या एका जतन केलेल्या रेल्वेमार्गावर बॉयलरची कामं करतो, गरज पडली की फायरमन म्हणूनही चढतो. त्यामुळे माझं मत इंजिनाच्या पोटात शिरून झालेलं आहे, फलाटावर कॅमेरा घेऊन उभं राहून झालेलं नाही. फलाटावरच्या मंडळींशी माझे या विषयावर कायम वाद होतात, हेही सांगून टाकतो.

एक इंजिन सकाळी गाडीला लावायचं तर काय काय करावं लागतं ते बघा. थंड बॉयलरखाली एकदम जाळ करता येत नाही. फायरबॉक्स, म्हणजे आग पेटते ती पेटी, तांब्याचा, बाहेरचं कवच पोलादी, आणि दोघांना धरून ठेवणारे शेकडो स्टे बोल्ट. तापल्यावर प्रत्येक जण आपापल्या मापाने फुगतो. घाई केली की बोल्ट तुटतात, बॉयलरच्या पाण्यातून आगीचे वायू नेणाऱ्या ट्यूबांची तोंडं पाझरायला लागतात. म्हणून आदल्या दिवशीच लहानशी आग लावून बॉयलरला ऊब द्यायची. त्याआधी गेज ग्लासमध्ये पाणी दिसतंय ना ते बघायचं. मग बॅटरी घेऊन फायरबॉक्सच्या तोंडातून आत शिरायचं: वरच्या पत्र्यातला शिशाचा फ्यूजिबल प्लग (पाणी कमी पडलं की वितळून इशारा देणारा) कोरडा आहे का, विटांची कमान शाबूत आहे का, कुठल्या ट्यूबच्या तोंडाशी पांढरा ओघळ दिसतोय का. पांढरा ओघळ म्हणजे पाणी पाझरून क्षार साठलेत. एवढं झाल्यावर लाकडं, तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि वर थोडा थोडा कोळसा. वाफ नाही तोवर धुराड्याला ओढ नसते, त्यामुळे पहिले काही तास सगळा धूर शेडमध्येच कोंडतो.

पुढच्या बाजूला, धुराड्याखाली, स्मोकबॉक्सचा गोल दरवाजा उघडायचा आणि कालची काजळी, अर्धवट जळालेला चुरा फावड्याने उपसायचा. दरवाजा परत लावताना तो चहूबाजूंनी घट्ट बसला पाहिजे. कडेला जराशी फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, निर्वात मोडतो आणि दिवसभर इंजिन वाफ धरत नाही. मग तेल. प्रत्येक बेअरिंगला स्वतंत्र तेलाची वाटी, तिला बुचाचं टोपण, आत लोकरीच्या धाग्यांची वात. त्या वातीतून तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं. वात जाड झाली तर बेअरिंग उपाशी, बारीक झाली तर वाटी वाटेतच रिकामी. आतल्या सिलिंडरचं इंजिन असेल तर तेलाची बुधली घेऊन खालच्या खड्ड्यात उतरायचं, चाकांच्या मधून वर चढायचं आणि क्रँकच्या बाजूला अंग वाकवून उभं राहायचं. क्रँक नेमक्या जागी नसेल तर हात पोचतच नाही, आणि मग कुणाला तरी विनवून इंजिन दोन फूट पुढे घ्यावं लागतं.

संध्याकाळचं काम याहून वाईट. आगीच्या तळाशी राखेतले क्षार वितळून काचेसारखा दगड झालेला असतो, त्याला क्लिंकर म्हणतात. दहा-बारा फुटी लोखंडी सळईने तो फोडायचा, लांब दांड्याच्या फावड्याने लालभडक तुकडे तोंडातून काढून बाहेर टाकायचे. खाली राखदाणीत जमलेली राख खड्ड्यात ओढायची. वारा उलटा असला की ती थेट तोंडावर. मग कोळसा, पाणी, इंजिन फिरवणं. पाण्याच्या प्रतीनुसार आठवड्या-दोन आठवड्यांनी बॉयलर पूर्ण थंड करून प्लग काढायचे आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, सळयांनी आतला गाळ धुऊन काढायचा. तेवढे दिवस इंजिन बसून. आम्ही हे हौसेने करतो, वर चहा-बिस्किटं मिळतात. पण 1948 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या ताब्यात अशी सुमारे 20 हजार इंजिनं होती आणि त्यांतल्या बहुतेकांना हे रोज, पावसात, रात्री दोन वाजता, पगारी माणसांकडून करून घ्यावं लागत होतं.

व्हिक्टोरियन काळात याची कुणाला फिकीर नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची पोरं क्लीनर म्हणून भरती व्हायची, वर्षानुवर्षं इंजिनं पुसायची, मग फायरमन, आणि नशीब असेल तर चाळिशीच्या आसपास ड्रायव्हर. पहाटेच्या पाळीवाल्यांना घरी जाऊन उठवायलाही शेडमध्ये वेगळी पोरं ठेवलेली असत. हात स्वस्त होते, म्हणून यंत्राने जास्त हात मागितले तरी चालत होतं.

आणि यंत्र मुळात फारसं बदललंच नाही, ही त्यातली गोम. रिचर्ड ट्रेव्हिथिकने 21 फेब्रुवारी 1804 रोजी साउथ वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळच्या पेनीडॅरनहून 10 टन लोखंड आणि 70 माणसं वाफेवर ओढून नेली. इंजिन चाललं, पण बिडाचे रूळ त्याच्या वजनाने मोडले, आणि गोष्ट तिथेच थांबली. वाफेचं इंजिन खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते ऑक्टोबर 1829 मध्ये, रेनहिलच्या चाचण्यांत. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेने 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं, आणि सगळ्या अटी पुऱ्या करणारं एकच इंजिन निघालं: जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’. त्याच्या आधीच्या बॉयलरांत आगीची एक किंवा दोन मोठी नळकांडी पाण्यातून जात. ‘रॉकेट’मध्ये तीन इंच व्यासाच्या 25 तांब्याच्या नळ्या होत्या. ही कल्पना त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीचे हेन्री बूथ यांची. नळ्या वाढल्या की पाण्याला लागणारा तापता पृष्ठभाग वाढतो, आणि तेवढ्याच आगीत कितीतरी जास्त वाफ होते. पण बारीक नळ्यांतून ज्वाळा ओढायला जोर लागतो. तो जोर वापरलेल्या वाफेतून येतो: सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्याच्या तळाशी अरुंद तोंडातून वर सोडायची, जाताना ती सगळी हवा ओढून नेते. चुलीत फुंकणी मारावी तसंच, फक्त इथे फुंकर पुढून ओढून घेते.

यातली खरी हुशारी अशी की चढावर इंजिन जास्त वाफ वापरतं, म्हणून धुराड्यातून जास्त वाफ सुटते, म्हणून आग जास्त पेटते, म्हणून जास्त वाफ होते. मागणी आणि पुरवठा आपोआप जुळतात, मध्ये कुठलंही नियंत्रक यंत्र नाही. इतकं सुंदर उत्तर सापडलं की पुढची सव्वाशे वर्षं कुणी मूळ रचनेला हातच लावला नाही. त्यात वाफ आणखी तापवणारा सुपरहीटर आला, व्हॉल्व्ह सुधारले, बॉयलरचा दाब वाढला. तरी कोळशातल्या उष्णतेपैकी सहा-आठ टक्केच गाडी ओढायच्या कामी यायची, बाकीची धुराड्यातून आकाशात. कोळसा पायाखालीच होता, कोण कशाला रडतं?

आता ब्रिटनची स्वतःची एक अडचण. पहिले असण्याची किंमत म्हणा हवं तर. स्टीफन्सनने कोळसाखाणींतल्या घोड्यांच्या वॅगनवेवरून 4 फूट साडेआठ इंचांचं माप घेतलं. अभियंता ब्रुनेलने ग्रेट वेस्टर्न रेल्वेला 7 फूट पाव इंच दिलं, आणि माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या त्याचंच बरोबर होतं. पण तोवर दुसऱ्या मापाचे मैलच्या मैल पसरले होते. 1846 मध्ये संसदेने लहान मापाच्या बाजूने कौल दिला आणि मे 1892 मध्ये शेवटचा ब्रॉडगेज रूळही गेला. रुळांच्या मापापेक्षाही जास्त नडले ते पूल, बोगदे आणि फलाट. ते सगळे 1830-40 च्या चिमुकल्या इंजिनांच्या हिशोबाने बांधलेले. त्यामुळे ब्रिटिश इंजिन साधारण 9 फूट रुंद आणि 13 फूट उंच, यापलीकडे वाढूच शकत नव्हतं. अमेरिकेत इंजिनं डोंगराएवढी झाली, भारतातही ब्रॉडगेजवर बरीच मोकळीक होती. ब्रिटनमध्ये मात्र ताकद वाढवायची तर बाहेर जागा नाही म्हणून सिलिंडर चौकटीच्या आत घालावे लागले. खड्ड्यात उतरून क्रँकपाशी वाकण्याचा जो प्रकार वर सांगितला, त्याचं मूळ या पुलांत आणि फलाटांत आहे.

‘मॅलार्ड’ची कथाही इथेच येते. नायजेल ग्रेस्ली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता. त्यांच्या मोठ्या इंजिनांना तीन सिलिंडर: दोन बाहेर, एक मधोमध आत. आतल्या व्हॉल्व्हला वेगळी यंत्रणा द्यायची नाही, बाहेरच्या दोन व्हॉल्व्हच्या हालचाली दांड्यांनी जोडून त्यातून तिसऱ्याची हालचाल काढायची, अशी त्यांची योजना. कागदावर अप्रतिम. 3 जुलै 1938 रोजी स्टोक बँकच्या उतारावर ड्रायव्हर जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे यांनी सात डब्यांची, 240 टनांची गाडी घेऊन 126 मैलांचा वेग गाठला. उतार होता, हे विक्रमाचं कौतुक करणारे हळूच गाळतात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतरची. आतल्या क्रँकचं मोठं बेअरिंग तापून गेलं आणि इंजिन पीटरबरोला गाडीवरून काढावं लागलं. हे बेअरिंग तापतं याची सगळ्यांना कल्पना होती. या जातीच्या इंजिनांत तिथे बडीशेपेसारख्या उग्र वासाच्या द्रव्याची कुपी बसवलेली असे, म्हणजे ती फुटली की ड्रायव्हरला वासावरूनच कळावं.

कारण सोपं आहे. त्या जोडदांड्यांच्या प्रत्येक खिळीत थोडी झीज झाली की सगळी झीज बेरीज होऊन मधल्या व्हॉल्व्हवर पडते. वेगात तो ठरल्यापेक्षा जास्त सरकतो, मधला सिलिंडर आपल्या वाट्याहून जास्त काम करतो, आणि बेअरिंग तापतं. चांगले फिटर वेळच्या वेळी खिळ्या बदलत होते तोवर यंत्रणा चोख चालली. युद्ध लागलं, फिटर गेले, गाड्या दुप्पट लांब झाल्या, देखभाल लांबणीवर पडली आणि ही इंजिनं सटासट बसू लागली. ग्रेस्ली 1941 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी आलेल्या एडवर्ड थॉम्प्सन यांनी बाहेरच्या रेल्वेकडून या यंत्रणेवर अहवाल मागवला, आणि तो प्रतिकूल आला. ग्रेस्लीभक्तांना थॉम्प्सन आजही खलनायक वाटतात. मला ते पटत नाही. उत्तम माणसं आणि भरपूर वेळ असेल तरच जे यंत्र नीट चालतं, ते 1942 नंतरच्या ब्रिटनसाठी नव्हतं.

सदर्न रेल्वेचे ऑलिव्हर बुलीड यांनी तर व्हॉल्व्हची यंत्रणा साखळीवर चालवून तेलाच्या बंद पेटीत बुडवली. हेतू हाच, की रोज तेल घालायला माणूस नको. पेटी गळायची, तेल चाकांवर यायचं, चाकं घसरायची. 1956 पासून त्यांतली बरीच इंजिनं उघडून साध्या पद्धतीने पुन्हा बांधावी लागली. तेव्हा मनुष्यबळाची अडचण डिझेल येण्याआधीच अभियंत्यांना दिसत होती, तोडगा सापडत नव्हता इतकंच.

इथे भारताचा धागा जोडतो, कारण तो उगाच आणलेला नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या रेल्वे कंपन्या आपली इंजिनं स्वतःच्या कारखान्यांत बांधायच्या: क्रू, स्विंडन, डॉनकास्टर, डर्बी. खासगी कारखान्यांना घरच्या बाजारात फारसं काम उरत नव्हतं. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनी दुसऱ्या रेल्वेसाठीही इंजिनं बांधू लागली तेव्हा खासगी कारखानदार कोर्टात गेले आणि 1876 मध्ये रेल्वे कंपन्यांना बाहेर इंजिनं विकायला मनाई करून घेतली. तरी त्यांचं पोट भरलं ते निर्यातीवर, आणि त्यात सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे भारत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन निघालेल्या गाडीची ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही इंजिनं लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीची होती. पुढे मँचेस्टरची बेयर पीकॉक, लीड्सची किटसन, ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, सगळ्यांची नावं आपल्याकडच्या इंजिनांच्या पितळी पाट्यांवर असत.

गंमत पुढे आहे. भारतातल्या वेगवेगळ्या रेल्वेंनी वेगवेगळी इंजिनं मागवून गोंधळ वाढवू नये म्हणून लंडनमधल्या मानक समितीने 1903 पासून भारतासाठी प्रमाणित आराखडे काढायला सुरुवात केली. मालगाडीचं एक, प्रवासी गाडीचं एक, मेलचं एक, सुटे भाग शक्य तितके समान. जे शहाणपण ब्रिटिश अभियंत्यांनी मुंबई आणि कलकत्त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, ते त्यांना स्वतःच्या देशात लागू करायला 1951 साल उजाडलं. तोपर्यंत ब्रिटनमध्ये चारशेच्या वर जातींची इंजिनं जमली होती. शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये एकमेकांचे नटबोल्टसुद्धा चालत नसत.

1 जानेवारी 1948 रोजी ब्रिटनमधल्या चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि यांत्रिक विभाग रॉबर्ट रिडल्स यांच्याकडे आला. लोक विचारतात की डिझेलचं इंजिन तेव्हा उपलब्ध होतं (लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने डिसेंबर 1947 मध्येच डर्बीला पहिलं मोठं डिझेल बांधलं होतं), मग रिडल्सनी वाफेचा हट्ट का धरला? माझ्या मते त्यांचा हिशोब त्या वर्षापुरता बरोबर होता. तेल डॉलर देऊन आणायचं आणि देशात डॉलरचा दुष्काळ, कोळसा घरचा. तेवढ्याच ताकदीचं डिझेल वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी महाग. आणि रिडल्सना शेवटी विजेवर जायचं होतं. मधली वीस-पंचवीस वर्षं निभावून नेणारी साधी इंजिनं त्यांना हवी होती.

त्यांनी 12 प्रकार काढले आणि 1951 ते 1960 मध्ये एकूण 999 इंजिनं बांधली गेली. त्यांच्यापैकी एखादं जवळून पाहा, म्हणजे वर मी जे रडगाणं गायलं त्याचं उत्तर तिथे दिसेल. जवळपास सगळ्यांना दोनच सिलिंडर, दोन्ही बाहेर. चाकांवरची पट्टी उंच उचललेली, म्हणजे सगळे दांडे उभ्या उभ्या दिसतात आणि तेल घालायला खड्ड्यात उतरावं लागत नाही. आगीखालच्या जाळीच्या पट्ट्या दांड्याने हलवता येतात, त्यामुळे क्लिंकर वरून उपसण्याऐवजी मोडून खाली पाडता येतो. राखदाणीला खालून उघडणारे दरवाजे. स्मोकबॉक्समध्ये अशी जाळी की चुरा आपोआप बारीक होऊन धुराड्यातून निघून जावा. यातल्या काही गोष्टी लंडन मिडलंड अँड स्कॉटिशचे मुख्य यांत्रिक अभियंता आयव्हॅट यांनी तिथे आधीच आणल्या होत्या, रिडल्सनी त्या सगळीकडे नेल्या. मी दोन्ही तऱ्हेच्या इंजिनांची संध्याकाळची सफाई केलेली आहे. जुन्या इंजिनावर कंबर मोडते, नव्यावर निम्म्या वेळात हात धुऊन मोकळं होता येतं. चाहत्यांना हे आराखडे कोरडे वाटतात, पण शेडमधल्या माणसाला विचाराल तर उत्तर वेगळं येईल.

यांतलं सर्वोत्तम इंजिन म्हणजे 9एफ: दांड्यांनी एकमेकांना जोडलेली दहा चाकं, पाच फूट व्यासाची, मूळ काम जड मालगाड्यांचं. 251 बांधली. मधल्या चाकजोडीला कडाच ठेवल्या नव्हत्या, म्हणजे इतकं लांब इंजिन वळणावर अडकू नये. मालगाडीचं हे इंजिन प्रवासी गाड्यांवर ताशी 90 मैलांपर्यंत पळायला लागलं तेव्हा वरिष्ठांनाच धडकी भरली. इतक्या लहान चाकांना तेवढ्या वेगात दांडे किती भिरभिरतात याची कल्पना करा. मार्च 1960 मध्ये स्विंडनहून शेवटचं 9एफ बाहेर पडलं, क्रमांक 92220, नाव ‘इव्हनिंग स्टार’, हिरवा रंग आणि धुराड्याला तांब्याची कड. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन. मार्च 1965 मध्ये ते सेवेतून काढलं. पाच वर्षं.

इथे घाईचा मुद्दा येतो. रिडल्स 1953 मध्ये निवृत्त झाले. 1955 मध्ये 1,240 दशलक्ष पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली आणि वाफ संपवायचं ठरलं. ठरवणं योग्यच होतं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये काम मागणाऱ्या माणसापेक्षा माणूस मागणारं काम जास्त झालं होतं. मोटारींच्या कारखान्यात कोरड्या छपराखाली जास्त पगार मिळत असेल तर राखेच्या खड्ड्यात कोण उतरणार? शेडमध्ये क्लीनर मिळेनात. त्या दशकाच्या अखेरची छायाचित्रं पाहिलीत तर इंजिनं काळीमिट्ट, वाफ कुठून कुठून गळतेय. कोळशाची प्रतही घसरली होती. चांगला कोळसा निर्यातीला आणि वीजकेंद्रांना, रेल्वेला उरलासुरला.

योजनेत मूळ विचार असा होता की 174 डिझेल इंजिनं वेगवेगळ्या कारखान्यांकडून घ्यायची, तीन वर्षं चालवून बघायची, आणि मग त्यातली चांगली निवडून मोठी मागणी नोंदवायची. रेल्वेचा तोटा वाढत गेला तसा कुणाला धीर धरवेना. चाचणीचे निष्कर्ष हाती येण्याआधीच शेकड्यांनी मागण्या गेल्या, त्यात अशा कारखान्यांकडेही ज्यांना वाफेचं काम पिढ्यान्‌पिढ्या माहीत पण डिझेलचं नवीन. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशची डिझेल इंजिनं इतकी बंद पडायची की ते निस्तरताना कंपनीच 1962 मध्ये बुडाली. म्हणजे पाच-सात वर्षांची भक्कम 9एफ भंगारात, आणि त्यांच्या जागी आलेली काही डिझेलही पाच-सात वर्षांतच भंगारात. पश्चिम जर्मनीने हाच बदल सावकाश केला. तिथे वाफ 1977 पर्यंत चालली आणि नवी इंजिनं आपलं पुरेसं आयुष्य जगली.

आणि भारत? ग्लासगोच्या त्याच नॉर्थ ब्रिटिशने 1950 मध्ये आपल्याला डब्ल्यूजी जातीची पहिली इंजिनं दिली, मग ती चित्तरंजनला बनू लागली. तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन 1970 मध्ये बाहेर पडलं, नाव ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 पर्यंत धावत होती. भुसावळसारख्या शेडमध्ये काम केलेल्या जुन्या लोकांशी बोला: खलाशी, फायरमन, बॉयलरवाले, फिटर यांची कधी वानवा नव्हती. यंत्र तेच, कोळसाही घरचा. फरक होता तो मजुरीच्या दरात. माझा मुद्दा ज्याला पटत नाही त्याला मी हाच दाखला देतो.

ब्रिटनमधला शेवट 11 ऑगस्ट 1968 रोजी झाला. लिव्हरपूलहून कार्लाइलला आणि परत अशी निरोपाची खास गाडी, तिकीट 15 गिनी, त्या काळात सामान्य माणसाला न परवडणारं. दुसऱ्या दिवसापासून मुख्य मार्गांवर वाफेला बंदी. ती 1971 मध्ये सैल झाली.

तरी आज ब्रिटनमध्ये इतकी इंजिनं चालताना दिसतात कशी? याचं श्रेय एका भंगारवाल्याला. साउथ वेल्समधल्या बॅरी गावच्या डाय वुडम यांनी रेल्वेकडून जवळपास 300 इंजिनं विकत घेतली, पण सोबत हजारो जुन्या वॅगनही घेतल्या होत्या. वॅगन कापायला सोप्या, म्हणून आधी त्या कापायच्या असं त्यांनी ठरवलं, आणि इंजिनं खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. तेवढ्यात हौशी मंडळी पैसे जमवून एकेक इंजिन सोडवायला लागली. 213 इंजिनं तिथून वाचली. त्यांतलं एक ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’, 1954 चं, रिडल्सच्या ताफ्यातलं तीन सिलिंडरांचं एकमेव इंजिन. सेवेत असताना ते कधीच नीट वाफ धरायचं नाही म्हणून बदनाम होतं. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी आराखडे काढून मापं घेतली तेव्हा कळलं की राखदाणीची हवेची तोंडं आराखड्यापेक्षा लहान बनवली गेली होती. आग बिचारी गुदमरत होती. तोंडं दुरुस्त केली, धुराड्याखालची व्यवस्था सुधारली, आणि इंजिन देशातल्या सर्वांत दमदार इंजिनांत गणलं जाऊ लागलं. सेवेच्या आठ वर्षांत हे कुणी तपासलं नाही, कारण तपासायला फुरसत असलेला माणूसच शेडमध्ये नव्हता.

शेवटी आजच्या स्थितीबद्दल, कारण ‘मग आता ही इंजिनं कायम चालणार ना’ असा उपप्रश्नही आहे. बॉयलर दर दहा वर्षांनी पूर्ण उघडून तपासावा लागतो. ट्यूबा बाहेर, बाहेरचा पत्रा आणि आच्छादन उतरवून एकेक स्टे ठोकून बघायचा. हे काम जाणणारे लोक कमी आहेत. डार्लिंग्टनला 2008 मध्ये ‘टोर्नेडो’ हे संपूर्ण नवं इंजिन उभं राहिलं, पण त्याचा बॉयलर जर्मनीत मायनिंगनला करून घ्यावा लागला. दुसरी अडचण कोळशाची. साउथ वेल्समधला वाफेचा कोळसा जगात नावाजलेला होता. लांब ज्वाला नाही, धूर कमी, उष्णता भरपूर. मर्थर टिडफिलजवळची फॉस-अ-फ्रान ही उघडी खाण त्याचा आमचा शेवटचा मोठा आधार होती, ती नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाली. आता आम्ही आयात कोळसा वापरतो, आणि कोळशाचा चुरा दाबून केलेल्या अंडाकृती गोळ्यांचे प्रयोग चालू आहेत. वेल्श कोळसा जाड थरात ठेवायचा, पसरट आणि सावकाश जळू द्यायचा. नव्या कोळशाची आग पातळ ठेवावी लागते, फावडं कमी भरून वारंवार मारावं लागतं, आणि काही कोळशांचा क्लिंकर जाळीला असा चिकटतो की उतारावर रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) बंद झाला रे झाला की फायरमन सळई हातात घेतो. नवी पोरं हे दोन-तीन फेऱ्यांत शिकतात. जुन्यांची सवय मोडायला वेळ लागतो.